वाट दिली, वाट अडवली : गोव्याच्या लढ्यात भारत ओढला गेला तो कसा?

तेरेखोलकाठ :

आरोंद्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर किरणपाणी दिसतं. मधे तेरेखोलची खाडी. ओहोटीला पलीकडच्या माणसाने हाक मारली तर इकडे ऐकू येते. माझ्या आजीचं माहेर पालयेचं, म्हणजे पलीकडचं. सासर इकडचं. लग्नाचं वऱ्हाड होडीतून आलं, तेव्हा त्या होडीने दोन राज्यांमधली हद्द ओलांडली असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अलीकडे सावंतवाडी संस्थान आणि पलीकडे फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पेडणे महाल एके काळी सावंतांचाच होता. देव तेच, कुळं तीच. दशावतार इकडचाच पलीकडे जायचा.

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "छत्तीस तासांत जो गोवा घेता आला त्याला चौदा वर्षं का लागली?" तिथे दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हा धागा. माझ्या मते प्रश्न उलटा विचारायला हवा. स्वतःची हजार दुखणी असलेला नवा देश शेजारच्या वसाहतीच्या लढ्यात उतरतो कसा? एका सकाळी उठून कुणी उतरत नाही. आधी वाट द्यायची की नाही, एवढाच प्रश्न असतो.

१९४६ च्या १८ जूनला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांना पकडलं. ते आपले गोव्यातले मित्र ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीला आले होते. तेव्हा खुद्द भारतच स्वतंत्र नव्हता. पुढच्या वर्षी इंग्रज गेले, फिरंगी राहिले. दिल्लीला वाटलं, बोलून सुटेल. २७ फेब्रुवारी १९५० ला भारताने पोर्तुगालला रीतसर वाटाघाटीला बोलावलं. लिस्बनचं म्हणणं असं की बोलायचं काय, गोवा वसाहत नाहीच, पोर्तुगालचा भाग आहे. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने घटनाच बदलून घेतली आणि वसाहतींचं नाव 'सागरापारचे प्रांत' असं ठेवलं. त्याआधी १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटोत गेला होता. म्हणजे पालये गाव कागदोपत्री युरोपचं झालं! ११ जून १९५३ ला भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. बोलणं संपलं ते तिथे.

मग जुलै १९५४. दमणपासून आत, चारी बाजूंनी भारताने वेढलेली दादरा आणि नगर हवेली. २२ जुलैला दादरा मोकळं झालं, २ ऑगस्टला नगर हवेली. ते मोकळं केलं युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल आणि महाराष्ट्रातून गेलेल्या स्वयंसेवकांनी. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांत होते. भारताचं सैन्य तिथे गेलं नाही. उघडपणे भारताने एवढंच केलं की दमणहून कुमक न्यायला पोर्तुगीजांना आपल्या भूमीतून वाट दिली नाही.

माझ्या मते भारत या लढ्यात उतरला तो इथे. हातात शस्त्र न घेता, फक्त वाट अडवून. पुढचं सगळं त्यातून निघालं.

त्याच वर्षी आमच्या खाडीवर परवाने आले. आजी म्हणायची, "माझो भाव नदीच्या पल्याड रवता, आणि माका थंय जावक कागद होयो?" तिचा राग फिरंग्यांवर होता तितकाच आमच्या सरकारवरही होता. हे मी लपवणार नाही.

१९५५ बद्दल बांदा-सावंतवाडीकडच्यांनी लिहावं. तुमच्या घरातून ते जास्त खरं येईल.


बांदा नाका :

लिहितो. वडील तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्यांनी आयुष्यभर हे इतक्या वेळा सांगितलं की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं.

पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती झाली होती. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन आत गेले. बापट तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. मारहाण झाली. नानासाहेबांना दहा वर्षांची सजा लागली आणि आग्वादच्या किल्ल्यात टाकलं. मग तुकड्यांमागून तुकड्या. पावसाळ्याचे दिवस, आंबोलीचा घाट उतरून गाड्या सावंतवाडीला, तिथून बांद्याला. आमच्या घरात पडवीत माणसं झोपायची. कुणाला मराठी येत नव्हतं, कुणाला भात चालत नव्हता. आजीने त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात किती पेज शिजवली त्याला हिशेब नाही. शेजारच्या घरांतून तांदूळ यायचे, कुणी मागितले नाहीत.

१५ ऑगस्टला सकाळी हजारो माणसं वेगवेगळ्या वाटांनी हद्दीकडे निघाली. बांद्याची पत्रादेवीकडे. हातात झेंडा आणि तोंडात घोषणा. दुसरं काही नव्हतं. वडील लहान म्हणून त्यांना नाक्यापाशीच अडवलं. ते म्हणतात, गोळ्यांचा आवाज आधी फटाक्यांसारखा वाटला, कारण स्वातंत्र्यदिन होता. मग पावसात भिजलेली माणसं खाटांवरून परत यायला लागली.

त्या एका दिवसात सगळ्या हद्दीवर मिळून वीसहून अधिक माणसं मारली गेली. पत्रादेवीला पंजाबातल्या ईसडू गावचे कर्नैलसिंग बेनिपाल मारले गेले. याच सत्याग्रहात मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय गोळ्या लागून जखमी झाल्या, पुढे त्या खासदार झाल्या. तेरेखोलच्या किल्ल्यावर हिरवे गुरुजी पडले.

माझं मत सांगतो. पंजाबातला मुलगा बांद्याच्या पलीकडे मेला, त्या दिवसापासून गोवा हा फक्त गोवेकरांचा आणि आमचा प्रश्न उरला नाही. ईसडूच्या घरात पत्रादेवी हे नाव गेलं. इतक्या लांबच्या घरांत नाव गेल्यावर सरकारला मागे फिरता येत नाही.


पेडण्याची सून :

दोघांचंही वाचलं, मन भरून आलं. पण एक दुरुस्ती मला करायलाच हवी. भारत 'ओढला गेला' म्हणता, तर ओढणारे कोण होते ते आधी लिहा. सगळं पुण्या-मुंबईहून आलं असं वाटू नये.

तेरेखोलचा किल्ला खेम सावंतांनी बांधलेला. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला आणि म्हणून नदीच्या उत्तरेला, रेडीला लागून असूनही ते गाव आजही गोव्यात आहे. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने त्या किल्ल्यात शिरून तिरंगा लावला. त्या दिवशी तीन तुकड्या गेल्या. तेरेखोलहून, बांद्याहून आणि दक्षिणेला पोळ्याहून. तिन्ही तुकड्यांचे पुढारी ख्रिस्ती गोवेकर होते. हे मुद्दाम ठरवून केलं होतं, कारण सालाझार जगाला सांगत होता की हे हिंदूंचं कारस्थान आहे आणि ख्रिस्ती प्रजा सुखात आहे. आणि त्या दिवशी भारत सरकारने गोवेकर नसलेल्यांना हद्दीवरच अडवलं होतं. म्हणजे १९५४ मध्ये दिल्लीचं म्हणणं होतं, हा तुमचा लढा, तुम्ही लढा. वर्षभरात ते टिकलं नाही.

गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जुने पुढारी त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना तर १९४६ मध्येच पकडून पोर्तुगालला पाठवलं होतं. अस्नोड्याचे बाळा राया मापारी १८ फेब्रुवारी १९५५ ला पोलीस कोठडीत छळाने गेले. सुधाताई जोशींनी ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात भर बाजारात गोवा नॅशनल काँग्रेसचं अधिवेशन भरवलं आणि बोलता बोलता पकडल्या गेल्या. काझिमिरो मोंतेरो या पोलिसाचं नाव माझ्या सासऱ्यांच्या तोंडून निघालं की घरातली म्हातारी माणसं गप्प व्हायची.

विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, मोहन रानडे हे आझाद गोमंतक दलाचे. ते सत्याग्रही नव्हते, त्यांनी चौक्यांवर हल्ले केले. रानडे सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून राहिले आणि १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले. गोवा १९६१ ला सुटला. रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातून १९६९ मध्ये सुटले.


कायद्याची वही :

दादरा-नगर हवेलीचा मुद्दा तेरेखोलकाठ यांनी बरोबर पकडला आहे, त्याची कायद्याची बाजू सांगतो. मराठी वाचकाला ती ठाऊक असायलाच हवी असं मला वाटतं.

'वाट दिली नाही' म्हणून पोर्तुगाल २२ डिसेंबर १९५५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मागणी अशी की दमणहून आमच्याच मुलखात जायला भारताच्या भूमीतून वाट मिळणं हा आमचा हक्क आहे. आधार कशाचा? पेशव्यांच्या तहाचा! १७ डिसेंबर १७७९ चा पुण्याचा तह. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं 'सांताना' नावाचं जहाज धरलं होतं, त्याच्या भरपाईपोटी बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं द्यायचं ठरलं. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती गावं नेमून दिली.

आता विसाव्या शतकात हेगला बसलेल्या न्यायाधीशांपुढे प्रश्न आला तो असा : पेशव्यांनी गावं दिली म्हणजे काय दिलं? मुलूख दिला की नुसता वसूल? आपल्याकडे सरंजाम म्हणजे काय ते सांगायला शब्दकोश लागत नाही. सारा खा, पण मालक आम्ही. न्यायालयानेही तेच मानलं, की मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचा ताबा मान्य केला आणि तो रूढ झाला, असंही म्हटलं.

निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्या-येण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं नेण्याचा नव्हता. आणि १९५४ मध्ये भारताने जी वाट अडवली त्यात त्याने आपलं कर्तव्य मोडलं नाही, कारण आजूबाजूला वातावरण तापलं होतं. दोन्ही बाजूंनी आपण जिंकलो असं सांगितलं. मला मात्र त्यात भारताची खरी कोंडी दिसते. सगळ्या जगाला पंचशील सांगणारा देश शेजारच्या वसाहतीबद्दल चार वर्षांहून अधिक काळ हेगच्या दारात उभा होता. आधी कायदा, मग दुसरं काही, असं नेहरूंना मनापासून वाटत होतं. त्यामुळे उशीर झाला, हे मी मान्य करतो. पण तो उशीर भित्रेपणाचा नव्हता.


रेडी-शिरोडा :

माझ्या वडलांनी सांगलेला तां लिवतंय. पंचावन सालानंतर नाकाबंदी झाली. रेल्वे बंद, हद्द बंद. आमच्या बाजूक भाजी, बकरे, कोंबडे असत, ते पूर्वी थंय जायत. ते बंद झाले. गरीब मनशांचो धंदो बुडालो. आणि रात्रीचे होडयेतसून घड्याळां, सोना, दारू ह्या बाजूक येय. ज्यांच्याकडे होडी आणि छाती होती ते श्रीमंत झाले. वडील म्हणत, नाकाबंदी फिरंग्यांका लागली काय म्हायत नाय, पण आमका लागली. पुस्तकात ह्या कोण लिवणत नाय म्हणान हंय लिवलंय.


तेरेखोलकाठ :

रेडी-शिरोडा, लिहिलंत ते फार बरं केलंत. आजीचा राग हाच होता.

१५ ऑगस्टच्या गोळीबारानंतर मुंबईत दंगली उसळल्या, दुकानं बंद झाली. दिल्लीवर दोन्हीकडून ताण आला. सैन्य पाठवा, अशी हाक एकीकडे. निःशस्त्र माणसांना मरायला का पाठवता, हा प्रश्न दुसरीकडे. नेहरूंनी मधली वाट काढली. सत्याग्रह थांबवला, उरलेल्या वकिलाती बंद केल्या, हद्द बंद केली. कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी गाडी थांबली. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकराला घरी पैसे पाठवणं अवघड झालं.

पण गोवा उपाशी मरून शरण आला नाही. पोर्तुगालने दाबोळीला विमानतळ केला, कराचीला विमानं सुरू केली, बाहेरून माल आणला. लोहखनिज निघत होतं, जपानला जात होतं, पैसा येत होता. १९५९ मध्ये रुपया जाऊन एस्कुदो आला. बाजारात परकीय वस्तूंची रेलचेल. उलट नाकाबंदीने गोवा आणि भारत यांच्यातला रोजचा व्यवहार तुटला, आणि सालाझारला हवं होतं तेच झालं. ही भारताची चूक होती असं मला वाटतं. माणसांना जवळ ठेवून सरकारला वेगळं पाडायचं असतं. आपण खाडीच बंद केली.

त्या सहा वर्षांत आजीचे वडील गेले. बातमी तिसऱ्या दिवशी कळली. ती धक्क्यावर उभी राहून पलीकडे बघत बसली. बाराव्यालाही जाता आलं नाही.


आंबोली :

नाकाबंदीच्या काळात खाडी ओलांडून रोज जाणारी एकच गोष्ट होती, आवाज. ती आमच्या रानातून जात होती.

वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ ला गुप्त रेडिओ सुरू केला. तारीख मुद्दाम निवडलेली. १५१० मध्ये त्याच दिवशी आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा कायमचा घेतला होता. सुरुवात आंबोलीच्या जंगलात, ट्रकवर बसवलेल्या यंत्रणेने, पुढे कॅसलरॉककडे हलले. कोंकणी आणि पोर्तुगीज, दोन्ही भाषांत. पणजीचं सरकारी रेडिओ केंद्र सांगे ते एक, आणि हे सांगत ते दुसरं. आंबोलीत पावसाळा काय असतो ते इथल्या माणसाला विचारा. भिंतीला बुरशी, कपडा वाळत नाही, सरपण पेटत नाही. त्यात यंत्रं कोरडी ठेवायची आणि रोज ठरल्या वेळी बोलायचं. सहा वर्षं हे चाललं.

माझ्या मोठ्या काकांना रानात 'कसलंतरी सरकारी काम' चाललंय एवढंच ठाऊक होतं. गोवा सुटल्यावर खरं कळलं. १९ डिसेंबर १९६१ ला त्याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोव्याला सांगितलं की तुम्ही मोकळे झालात. जंगलातून बोलणाऱ्या माणसांना आकाशातून बोलायला मिळालं.


स्पष्टच सांगतो :

सगळं भावनेवर चाललंय, म्हणून काही टोचणारे प्रश्न विचारतो. राग मानू नका.

एक, १९६१ लाच का? फेब्रुवारी १९६२ मध्ये निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते. दुसरं, अहिंसा सांगणाऱ्या देशाने सैन्य घातलं हे जगाला पटलं नाही. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने युद्ध थांबवून मागे फिरण्याचा ठराव आणला, सात विरुद्ध चार मतं पडली. रशियाचा नकाराधिकार नसता तर ठराव झालाच असता. तिसरं, गोव्याच्या लोकांना कुणी विचारलं?


कायद्याची वही :

प्रश्न रास्त आहेत, टाळणार नाही.

निवडणुकीचा विचार मेनन यांच्या मनात नव्हताच असं मी म्हणणार नाही. पण १९६१ साल नुसतं निवडणुकीमुळे आलं नाही. १४ डिसेंबर १९६० ला संयुक्त राष्ट्रांनी वसाहती संपवण्याचा जाहीरनामा काढला. दुसऱ्याच दिवशी आणखी एक ठराव झाला, त्यात पोर्तुगालच्या कोणत्या मुलखांना स्वराज्य नाही त्याची यादी होती आणि यादीत गोवा होता. म्हणजे 'सागरापारचे प्रांत' हे सोंग जगाने नाकारलं. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला आणि पोर्तुगालने तो रक्तात बुडवला. ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिषद भरली. आफ्रिकेतून आलेल्या पुढाऱ्यांनी तोंडावर सांगितलं, की तुमच्यासारखा मोठा देश दारातला गोवा सोडवत नाही आणि आम्हाला धीर धरा म्हणतो. आता ओढणारे हात अंगोला-मोझांबिकचे होते. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता पडली तर आपलं ओझं हलकं होईल, असा त्यांचा हिशेब.

आणि सात विरुद्ध चार म्हणालात, ते चार कोण? रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. त्यातले तीन स्वतः परक्यांच्या सत्तेचा चटका खाल्लेल्या आशिया-आफ्रिकेतले. तिथे मतं कुणी कशी दिली त्यातच उत्तर आहे.

लोकांना विचारण्याबद्दल मात्र तुमचं पटतं. १९६१ ला विचारलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकर आले. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला आणि गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. आम्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळांना ते लागलं. पण ज्यांना बोलू देण्यासाठी लढलो त्यांनी बोलून दाखवलं, आणि ते मान्य केलं गेलं.


दर्यासारंग :

जमिनीची हद्द सगळ्यांना दिसते, पाण्यातली कुणाला दिसत नाही. शेवटची ठिणगी समुद्रात पडली.

अंजदीव बेट कारवारच्या तोंडाशी आहे. बेट त्यांचं, पण समोरचा किनारा आपला. २४ नोव्हेंबर १९६१ ला साबरमती ही प्रवासी बोट अंजदीवजवळून कोचीकडे चालली होती, तिच्यावर बेटावरून गोळ्या झाडल्या. मग त्याच पाण्यात मासेमारीला गेलेला एक कोळी मारला गेला.

साबरमतीचं नाव घेतलं की आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचे कान टवकारतात. तेव्हा मुंबईला जायचं ते आगबोटीनेच. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, प्रत्येक बंदरात माणूस पडावातून जाऊन बोटीवर चढायचा. त्यामुळे 'बोटीवर गोळी चालली' ही बातमी आमच्याकडे दिल्लीच्या बातमीसारखी आली नाही. आपली माणसं ज्या बोटीवर असतात तिच्यावर गोळी चालली, अशी आली.

आणि अंजदीवला जे घडलं ते विसरू नका. १८ डिसेंबरला 'त्रिशूल' आणि 'म्हैसूर' या युद्धनौकांमधून नौसैनिक बेटावर उतरले. सात जण तिथे मारले गेले. मुरगावच्या पाण्यात 'आफोन्सो द आल्बुकर्क' ही त्यांची जुनी युद्धनौका 'बेतवा' आणि 'बियास' यांच्याशी लढून निकामी झाली. छत्तीस तासांचं युद्ध म्हणून जे सहज बोलतात त्यांनी हे सात जण आठवावेत.


दोडामार्ग :

त्या डिसेंबरात आमच्या रस्त्याने सैन्य गेलं. दोडामार्गहून आत गेली ती ५० वी पॅरा ब्रिगेड, ब्रिगेडियर सगतसिंग यांची. खरं तर मुख्य चाल पूर्वेकडून, अनमोडच्या बाजूने होती, १७ व्या डिव्हिजनची, मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली. उत्तरेची वाट दुय्यम ठरवली होती. पण दुय्यम वाटच आधी पोचली. फिरंग्यांनी पूल उडवले होते. गावकरी पुढे होऊन नदीला कुठे उतार आहे ते दाखवत होते. १८ च्या संध्याकाळी माणसं बेतीला मांडवीच्या काठावर, समोर पणजीचे दिवे. १९ च्या सकाळी पलीकडे.

आग्वादच्या किल्ल्यात राजकीय कैदी अजून होते. त्यांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन सेहगल तिथे मारले गेले. सगळं जवळजवळ संपलं असताना.

गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा याला सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. त्याने १९ तारखेच्या रात्री शरणागतीवर सही केली. पणजी जाळली नाही, जुन्या गोव्याची चर्चं उडवली नाहीत. पोर्तुगालने पुढे त्याला त्याबद्दल शिक्षाच दिली. शत्रूचा असला तरी त्या माणसाचं हे ऋण मानायला हवं, असं माझे आजोबा म्हणायचे. ते स्वतः उतार दाखवायला गेलेल्यांपैकी होते.


पेडण्याची सून :

तुमच्या आजोबांना नमस्कार सांगितला असता, असते तर.

पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे कागदावर कधी मान्य केलं ते लिहायचं राहिलं. ३१ डिसेंबर १९७४. लिस्बनमध्ये त्याच वर्षी एप्रिलात त्यांची स्वतःची हुकूमशाही पडली तेव्हा. म्हणजे गोवेकर ज्या सत्तेशी लढले, तिच्याशीच शेवटी पोर्तुगीज माणसालाही लढावं लागलं.

तेरेखोलकाठ, तुमच्या आजीचं पुढे काय झालं? ते सांगा ना.


तेरेखोलकाठ :

सांगतो.

सैन्य गेलं तरी दोन-तीन दिवस आरोंद्यात कुणाला खात्री वाटत नव्हती. परवान्याची चौकी रिकामी होती, पण सहा वर्षांची सवय, कुणी होडी सोडेना. मग एक तांडेल म्हणाला, मी जातो, गोळी आली तर मला येईल. तो गेला आणि पलीकडून शहाळं घेऊन परत आला. त्याच होडीत आजी बसली. बरोबर माझे वडील, तेव्हा नऊ वर्षांचे. आजीच्या ओटीत तांदूळ, नारळ आणि तिच्या वडिलांच्या बाराव्याला न्यायचं म्हणून तेव्हा घेऊन ठेवलेलं धोतर. सहा वर्षं ते तिने पेटीत ठेवलं होतं.

किरणपाणीला तिचा भाऊ उभा होता. कुणी निरोप दिला नव्हता. तो म्हणाला, दोन दिवस येऊन उभा राहतोय. वडील सांगायचे, मामाला त्यांनी ओळखलं नाही, कारण शेवटचं पाहिलं तेव्हा ते तीन वर्षांचे होते. आजीने धोतर भावाच्या हातात दिलं आणि मग ती रडली.

पालयेला ती आठ दिवस राहिली. परत येताना कागद कुणी मागितला नाही.

रविवारी सकाळी मी आरोंद्यात आहे. आमच्या गावात त्या दिवसांतलं पाहिलेली अजून दोन माणसं आहेत, एक नव्वदीच्या पुढची बाई आणि एक जुना होडीवाला. दोघांनीही बोलायचं कबूल केलंय. बांदा नाका, दोडामार्ग, येऊ शकलात तर या. आवाज नीट टिपणारं यंत्र कुणाकडे असेल तर घेऊन या, माझ्या मोबाइलवर खाडीचा वाराच जास्त ऐकू येतो.


बांदा नाका :

येतो. वडिलांनाही आणतो, त्यांना बोलायचं आहे.